पट्टा काढलेलं मशीन

दिवे लागले की तिच्या पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. उठून चाललं की थांबायचं, टेकलं की पुन्हा सुरू. नवरा म्हणायचा, "अगं बाई, बस की जरा! घरात पहारेकरी ठेवल्यासारखं वाटतं." आपल्यापुरतं होतं तोवर तिनंही ते हसण्यावारी नेलं.

मग एका संध्याकाळी चित्र रंगवता रंगवता पाच वर्षांची लेक पाय झाडायला लागली. "आई, माझ्या पायात गांडूळ आहे." दुसऱ्याच दिवशी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. "पाय स्वस्थ न बसण्याचा हा आजारच आहे. पुष्कळदा घराण्यात चालतो. मुलीचं मात्र एवढ्यात ठरवायचं नाही. दोघींच्या रक्तातलं लोह तपासू. माहेरी आहे कुणाला?"

"छे! आमच्याकडे सगळे धडधाकट," ती ठासून म्हणाली आणि तिथंच खचली. म्हणजे खोट आपल्यापासूनच सुरू झाली, आणि पोरीला आंदण दिली ती आपणच.

रिपोर्ट यायचा होता. घरात मन रमेना म्हणून लेकीला घेऊन ती माहेरी गेली. बाबा शिंपी, पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. गिऱ्हाइकं गेली होती, तरी मशीनचं पायडल खडखड चालू होतं. याच आवाजात ती लहानाची मोठी झाली होती. बाबांसारखा कष्टाळू माणूस नाही, असं ती चारचौघांत सांगायची.

लेक मशीनला नाक लावून उभी राहिली. "आजोबा, सुई का नाही हलत?"

"पट्टा काढलाय ना."

"मग पाय कशाला हलवता?"

"बसलो की वळवळतात लेकाचे. म्हणून कामाला जुंपतो."

ती दारातच थबकली. "बाबा, हे कधीपासून?"

"तुझ्या जन्माआधीपासून. माझ्या आईचंही असंच. जेवायलासुद्धा उभी असायची."

आतून आई म्हणाली, "घ्या! आणि मी समजत होते, माझी बडबड ऐकू येऊ नये म्हणून खडखडाट करतात!"

"बोलला का नाहीत कधी?" तिनं बाबांना विचारलं.

"काय बोलू? पाय ऐकत नाहीत म्हणून सांगू? लोक हसले असते."

तिनं लेकीकडे पाहिलं. "आणि माझ्याकडून हिला आलं असेल तर?"

"माझं नाक घेतलंस तेव्हा कुठं तक्रार केलीस?" बाबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "यावर औषध असतं का गं?"

ती पहिल्यांदा खळखळून हसली, डोळे पुसत. तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं होतं. आहे माहेरी. वडिलांनाही आहे. त्यांनाही दाखवायचंय."

लेक एव्हाना आजोबांच्या पावलांवर पावलं ठेवून उभी होती. पायडल चाललं होतं, सुई जागच्या जागी होती. बाबांनी हातानंच दुसरं स्टूल आपल्या मुलीकडे सरकवलं.