कळीचा दगड

"घंटेच्या दोरीला हात लावण्याआधी दगडाला विचार, बाय. तो खणखणला तर ओढ. बद्द बोलला, तर घंटा मुकी ठेव आणि आपल्या पायांनी घरोघर सांगत जा. शब्द दे मला."

रेमेतनं शब्द दिला होता. गावची घंटा राखणाऱ्या बापूस सांतानचा तो अखेरचा स्वर तीस वर्षं तिच्या अंतरात मेणवातीसारखा तेवत होता. मंद, पण न विझणारा.

भाद्रपदाची ओलसर सकाळ. केळीच्या बागांवर धुक्याचं दुधाळ वस्त्र, आणि त्या वस्त्रातून वर आलेलं वडोळीचं देऊळ. पाटीवर त्याला चर्च म्हणतात. गाव म्हणतं देऊळच. कृष्णपाषाणदेही, चूर्णधवल, चार शतकांच्या पावसांत न्हालेलं. खाडीतले शिंपले भाजून त्यांचा चुना गावच्याच बायांनी केला, गूळ कालवून मळला. अजूनही एखादा न जळालेला शिंपला भिंतीतून चंद्रकोरीसारखा डोकावतो.

आज संत मिखाएलचा सण. नऊला मिस्सा, सणाची मोठी प्रार्थना. घंटा घुमणार, आणि पोराबाळांसकट सारी मिरवणूक महाद्वाराच्या कमानीखालून आत येणार. त्या कमानीच्याच माथ्यावर घंटेचा मनोरा.

रोजची रोजरीची जपमाळ आटोपून, अनशापोटी, रेमेत शिडीवर चढली. हातात बापसाची लाकडी हातोडी.

पहिला दगड. खण्.

दुसरा. खण्. तिसरा. खण्. दगडामागून दगड, श्वासामागून श्वास.

मग कमानीच्या मध्यावरचा, दोन्ही बाजूंचा भार छातीवर झेलणारा, कळीचा दगड.

बद्द.

तिनं पुन्हा ठोकलं. बद्द. जणू ओल्या मातीवर पडलेलं फळ.

खाली पताका बांधणारा बस्त्याव हसला. "काय गं रेमेतबाय, दगडानं न्याहारी केली का?"

"बस्त्याव, आज घंटा नको. हादऱ्यानं कमान खाली येईल. मिरवणूक बाजूच्या दारानं आणा."

"सणाला मुकी घंटा? अगं, पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले नि गेले. देऊळ तसूभर हललं नाही. तुझ्या हातोडीनं पडतंय होय? कान तपासून घे आधी. दोरी मी ओढतो, तू बस खाली."

तो सहज बोलला; पण ते शब्द तिच्या हृदयात काट्यासारखे रुतले. अडुसष्टाव्या वर्षी बहिरं कोण झालं, दगड की आपण? कान चुकला, तर सणाला सुतक लावणारी म्हणून गाव बोट दाखवील. कान खरा असला, तर...

तर त्याच कमानीखालून शुभ्र झग्यांतली चिमुरडी येतील, हातात शेवंती घेऊन, वर न पाहता.

तिनं कान मिटले. तळवा दगडावर ठेवला. पाषाण गार होता; त्याच्या सांध्यात पिंपळाचं मूळ होतं, तान्ह्याच्या करंगळीएवढं, कोवळं, निर्दय. तिनं बोट लावलं मात्र, चुना भुरभुरला. चारशे वर्षांचा चुना तिच्या कपाळावर, पापण्यांवर, ओठांवर पडला. त्याला चव होती ओल्या राखेची.

ती खाली उतरली. मनोऱ्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली पदराच्या गाठीत गेली.

"आणि फादरांना काय सांगू?" बस्त्याव ओरडला. आता तो हसत नव्हता.

"मी सांगते. वाटेत पहिलं घर त्यांचंच आहे."

मग तिनं कपाटातून लाकडी खटखटं काढलं. शुभशुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, घंटा मुक्या होतात तेव्हाच ते वाजतं. इतर दिवशी त्याला कुणी हातही लावत नाही. सणाच्या दिवशी तर कधीच नाही.

रेमेतनं कपाळावर क्रूस रेखला. अनवाणी, नतमस्तक, चुन्यानं माखलेली ती कमानीला वळसा घालून बाजूच्या दारानं बाहेर पडली.

मागे तोरणं, मागे पताका, मागे मुकी घंटा. पुढे धुकं, आणि धुक्यात, केळीच्या थरथरत्या पानांमधून, हळू हळू दूर जाणारा एक कोरडा नाद.

खट्. खट्. खट्.