देवाचे तेल आणि एक लपवलेली दुपार

मी पितळेची बुधली बोलते आहे. कंठ निमुळता, पोट गोल, आणि चिंचेने घासून घासून उजळलेली काया. केळव्याच्या देवीच्या दारी बसणाऱ्या एका कासाराकडून सुगंधाने मला घेतले आणि त्याच गावच्या नारळाचे तेल माझ्यात भरले. विठोबापुढच्या वातीला पोसणे हा माझा नेम. जे मी पाहिले ते विठोबानेही पाहिले. तो बोलत नाही, म्हणून मी बोलते.

सुगंधा परभणीकडची. तिचा नवरा रामकिसन तारापूरच्या नव्या वीजकेंद्राच्या बांधकामावर पाइप फिटर होता. तो, ती, सासू साखरबाई आणि तीन लेकरे, असा संसार बोईसरजवळच्या पत्र्याच्या चाळीत अडुसष्ट साली मांडलेला होता. तिसऱ्या बाळंतपणात सुगंधाचे रक्त थांबता थांबेना. डॉक्टरांनी बजावले होते की पुढचे बाळंतपण जिवावर बेतेल. तेव्हापासून सांजवात लावताना ती एकच मागणे मागे : विठ्ठला, या लेकरांना पोरके करू नकोस.

उमरोळीहून वस्तीत येणाऱ्या नर्स काशीबाईंनी तिला निरोध आणून दिले. योगी ज्या शब्दाने मनाचे आवरणे सांगतात, तोच शब्द सरकारने रबराच्या पातळ पिशवीला दिला होता. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. पत्नीच्या प्राणांची राखण हीदेखील पूजाच आहे.

"घरधन्याला माझ्याकडं पाठव गं," काशीबाई म्हणाल्या. "घालायची न् काढायची रीत हाय त्याची."

रामकिसन गेला नाही. "रबर बसवायला मला बाई शिकवणार? दिसभर दुसरं काय करतोय मी?"

फिटर लोकांची एक सवय असते. नळाच्या सांध्यात रबरी कडी बसवताना ते तिला वंगण लावतात, म्हणजे ती सरकन जागेवर जाते. रामकिसनचे हात त्याच विद्येत मुरलेले होते.

एके दुपारी साखरबाई नातवंडांना घेऊन चिंचणीच्या बाजाराला गेली. रामकिसनला रात्रपाळी होती, म्हणून तो घरी होता. रबर कोरडे, घट्ट वाटले, तसा त्याचा हात देव्हाऱ्याकडे आला आणि माझ्या कंठावर पडला.

"आवं, ते देवाचं तेल हाय!" सुगंधा म्हणाली.

"दोन थेंबांनी देव काय उपाशी ऱ्हातोय?" असे म्हणून त्याने ते आतून-बाहेरून माखले.

पुढचे एवढेच सांगते, कारण लाजेपोटी हिताची गोष्ट गाळणे हेही पापच. कार्य उरकल्यावर अंगातला ताठरपणा ओसरण्याआधीच पुरुषाने रबराची कडा बुडाशी बोटांनी धरावी आणि रबरासकट बाजूला व्हावे. रामकिसन तसाच मिठीत पडून राहिला. त्याला डुलकी लागली. जागा झाला तेव्हा रबर त्याच्या अंगावर नव्हते. निसटून ते आतच राहिले होते. कडेला धरून त्याने ते ओढून काढले आणि घाईने कागदात गुंडाळले.

सुगंधा उठून बसली. "काय झालं? निसटलं का?"

"काय न्हाई. समदं नीट हाय."

तिने विश्वास ठेवला. त्याच्या शब्दावर ती गाढ झोपली.

पुढे तिला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. साखरबाईने चुलीपाशीच तिला धारेवर धरले. "माझा ल्योक सरकारी पिशवी वापरतोय म्हणतो. मग हे कुठून आलं गं?"

सुगंधाने नवऱ्याकडे पाहिले. बुडणाऱ्याने काठाकडे पाहावे तसे ते पाहणे होते. रामकिसन भाकरी मोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मला काय ठावं? माझ्याकडून तर कवा चूक झाली न्हाई."

त्या सांजेला तिने वात लावली, पण नेहमीचे मागणे तिच्या ओठांवर आले नाही. अग्नी आणि ब्राह्मण यांच्या साक्षीने ज्याचा हात धरला, त्याने तिच्यासाठी हातातला घासही थांबवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती काशीबाईंना घरी घेऊन आली. काशीबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "रामकिसन, तुमी ते कसं घालता?"

"तेल लावून. कडी बसवतात तसं."

काशीबाईंनी एक रबर स्वतःच्या दोन बोटांवर चढवले, आत माझ्यातले थेंब सोडले आणि हात साखरबाईपुढे धरला. "ओढा मावशी."

साखरबाईने चिमटीत धरताच ते सुळ्ळकन हातात आले. "अगं बया! उकडलेल्या अळकुडीचं साल सुटावं तसं सुटलं की!"

"आतून तेल गेलं की पकड राहात नाय. बाहेरून लावलं तरी रबर कमजोर होऊन फाटतं. आणि निसटलं तर गड्याला कळतंच."

रामकिसन जमिनीकडे पाहत पुटपुटला, "कळलं व्हतं."

"म्या इचारलं व्हतं तुमाला," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "त्याच घडीला इचारलं व्हतं."

"लाज वाटली मला."

"लाज तुमाला वाटली, आन् बदनाम मी झाले."

साखरबाईने पदर तोंडाला लावला आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. सुगंधाने तो झिडकारला नाही, पण तिकडे वळूनही पाहिले नाही.

काशीबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "त्या दिशी कळलं असतं तरी पोट राहिलंच नसतं असं मी नाय म्हणणार. पण तुझ्या जिवाची तजवीज तरी आधीपासून करता आली असती." त्यांनी तिचे नाव पालघरच्या दवाखान्यात नोंदवले. बाळंतपणात पुन्हा रक्त गेले. या वेळी रक्ताची बाटली तयार होती. सुगंधा मुलीला घेऊन जिवंत परतली. विठोबाची कृपा मी मानते. काशीबाईंची पायपीटही त्याच कृपेत मोजते.

रामकिसनने स्वतः जाऊन नसबंदी करून घेतली. तपासणीत वीर्यातले बीज संपल्याचे दिसेपर्यंत रबर सोडायचे नव्हते. आता तो ते काशीबाईंच्या रीतीने वापरतो : तेलाचा स्पर्श नाही, टोकाची हवा दाबून काढायची, मुळापर्यंत उलगडायचे, आणि वेळीच कडा धरून बाजूला व्हायचे. मग सुगंधा म्हणते, "उजेडात दाखवा." तो दाखवतो. फाटलेले नाही, निसटलेले नाही.

एकदा त्याने विचारले, "आता तपासणी झाली म्हणून मी सांगितलं, तर इश्वास ठेवशील ना?"

"काशीबाई सांगतील तवा ठेवीन," ती म्हणाली आणि वातीला तेल घालू लागली.

मी अजून त्याच देव्हाऱ्यात आहे. वाचकहो, माझे तेल वातीला घ्या, केसांना घ्या, रबराला नको. आणि इतकी काळजी घेऊनही निसटलेच, तर त्याच क्षणी बोला. न सांगता अंतरीचे जाणणारा एक पांडुरंग. शेजारी निजलेल्या माणसाला ते सांगावेच लागते.