मास्तरणीची अंडी

मास्तरीण म्हणजे थोरल्या जावेचं बदक. मान ताठ ठेवून अंगणभर फिरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एका डोळ्याने अशी बघायची, की माणसाला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. म्हणून थोरलीच्या दिराने तिचं हे नाव ठेवलेलं. थोरलीची मुलं कधीच लांब निघून गेली होती आणि नवरा बोलण्यापेक्षा मान हलवणाऱ्यांतला. औषधांच्या दुकानातलं काम आटोपून थोरली घरी आली, की मास्तरीण फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तिच्या मागेमागे जायची आणि थोरली तिला गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगायची.

त्या मास्तरणीला धाकटीच्या कुत्र्याने मारलं.

दोन भावांच्या घरांमध्ये एकच फाटक होतं. धाकटी पलीकडे कात्री मागायला गेली, तेवढ्यात घरात फोन वाजला म्हणून धावत परत आली आणि कडी लावायची राहिली. कुणी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुत्रा अंगावर आला तेव्हा मास्तरीण घरट्यात बसली होती, आणि ती अंड्यांवरून उठली नाही.

थोरलीने आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं. "कुत्र्याला बांधून ठेव," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून अबोला.

घरट्यातली अंडी अजून कोमट होती. धाकटीने ती अंगातल्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणली.

तिचा नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. "उबवून काय होणार आहे? पिल्लं बघून वहिनी सगळं विसरतील, असं वाटतं का तुला?" असं म्हणतच त्याने थर्माकोलचा खोका घेतला, त्यात दोन बल्ब आणि छोटा पंखा बसवला, ऊब वाढली की बल्ब आपोआप बंद होतील अशी सोय केली आणि झाकणाला काच लावली.

धाकटी घरीच शिवणकाम करायची. पेटी तिने शिलाई मशीनशेजारी ठेवली. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. पँटची उंची कमी करता करता उठायचं, फुलीची अंडी गोलावर करायची, वाटीतलं पाणी बघायचं, पुन्हा मशीनवर बसायचं. न्हाणीघरात अंधार करून अंड्यामागे टॉर्च धरला, की काहींत लाल धाग्यांचं जाळं दिसायचं आणि त्यात काहीतरी हलायचं. काहींत नुसतंच गढूळ. तशी अंडी तिने बाहेर काढली. एक मात्र हातातच फुटलं, आणि त्याचा वास शिवायला आलेल्या कोटात असा बसला, की गिऱ्हाइकाने कोट नाकाशी धरून तिच्याकडे नुसतं पाहिलं.

फाटकावर थोरली दिसली की धाकटी सांगायची, "ताई, पिल्लं वाढताहेत." थोरली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि आत जायची.

शेवटी एके सकाळी अंड्यांमधून चिवचिव ऐकू आली. धाकटी तशीच फाटकाकडे पळाली. "ताई, या लवकर. पिल्लं बोलताहेत आतून."

थोरली आली. कुत्रा मागच्या खोलीत कोंडला होता. त्याचं दार खरवडणं ऐकून तिचा चेहरा आक्रसला, पण ती स्टुलावर बसली. काचेखाली एक कवच तडकलं, दुसरं तडकलं. दुपारनंतर एक ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर पडलं. मग आणखी दोन. शेवटच्या अंड्याला नुसतंच भोक पडलं होतं. त्यातून चोच दिसायची, थरथरायची आणि थांबायची.

"दमलंय ते," थोरली म्हणाली. "सोडव त्याला."

"नको ताई. झाकण उघडलं की ओल जाते, आतला पडदा पिल्लाला चिकटतो. त्याचं त्याला येऊ दे."

"येऊ दे म्हणजे? मरू दे?"

या बाईला नाही म्हणायला धाकटीला तोंडच उरलं नव्हतं. तिने झाकण उचललं, अंडं तळहातावर घेतलं आणि चिमट्याने कवचाचा एक तुकडा काढला. दुसरा काढला, तोच आतल्या पडद्यातून रक्त आलं. ते थांबेना. कापसाने टिपलं, कोमट पाण्याचं बोट लावलं. थोड्या वेळाने चोच हलायची थांबली.

"हेही तुझ्याच हातून गेलं," थोरली म्हणाली.

एवढे दिवस धाकटीने सगळं खाली मान घालून गिळलं होतं. "तुम्ही सांगितलंत म्हणून उघडलं मी," ती म्हणाली. "मास्तरणीचं पाप माझंच आहे, ताई. ते मी नाकारत नाही. पण हे माझ्या एकटीच्या माथी मारू नका."

थोरली उठून निघून गेली.

पिल्लं सुकली, पिवळी झाली आणि धाकटीच्या पायांत घुटमळू लागली. ती मशीनवर बसली की पिल्लं पायडलजवळ झोपायची, उठली की रांगेने मागे. नवरा म्हणाला, "यांना वाटतं, तूच मास्तरीण." तिला हसू आलं नाही.

थोरली टोपली घेऊन आली. "माझ्या बदकाची आहेत. नेते मी."

"न्या," धाकटी म्हणाली आणि एकेक उचलून टोपलीत ठेवलं.

संध्याकाळभर भिंतीपलीकडून पिल्लांचा आकांत चालला होता. धाकटीने मशीन जोरात चालवली, तरी ऐकू येत होतं. मग फाटक वाजलं. थोरली दारात उभी. डोळे सुजलेले.

"खात नाहीत," ती म्हणाली. "मी हाक मारली की कोपऱ्यात जातात. मला भितात गं ती."

"परत ठेवू का इकडे?"

"नको." थोरलीने चौकट धरली. "त्या कुत्र्याच्या घरात नको. तूच चल."

धाकटी गेली. जमिनीवर बसताच पिल्लं तिच्या मांडीत घुसली आणि गप्प झाली. थोरलीने भिजवलेल्या दाण्यांची बशी आणली, पण ती पुढे आली की पिल्लं मागे सरायची. शेवटी ती धाकटीच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली, म्हणजे त्यांना दोघींतला फरक कळू नये.

"रोज यावं लागेल तुला," ती म्हणाली. "मला सरावतील तोवर."

"येईन."

"मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत, ताई."

थोरलीने बशीतले चार दाणे उचलून हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. एकाही पिल्लाने तिकडे पाहिलं नाही. तिचा हात अवघडून खाली येऊ लागला, तेव्हा धाकटीने खालून आपला तळवा लावला.