बसायचं काम

पहारेचा पहिला घाव खुर्चीच्या पाठीवर बसला आणि शेडमधल्या साऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. दुसऱ्या घावाला गादी फाटली. तिसरा सुपरवायझरच्या अंगठ्याला चाटून गेला, तसा तो गृहस्थ टेबलावर चढला. इतकी चपळाई त्याने उभ्या नोकरीत कधी दाखवली नव्हती.

"तोफे, डोकं फिरलंय का तुझं?" तो वरून किंचाळला.

तोफ म्हणजे रेनकोटचं कापड बनवणाऱ्या त्या कारखान्यातली मुकादमीण. तिने एकदा बंद पडलेल्या ट्रकला कानफटात दिली आणि तो सुरू झाला, असं सांगतात. सांगणारे अर्धवट सांगतात; त्या दिवसापासून तो ट्रक तिला बघून आपोआप बाजूला व्हायचा. ही खुर्चीही तिनेच मिळवलेली. पूर्वी गरोदर बायका उभ्या राहून तागे उचलायच्या. एकीचं पोट तिथेच रिकामं झालं, तेव्हा तोफेने जुन्या मॅनेजरला कॉलरने खुंटीला टांगलं आणि 'पोटुशीला बसायचं काम' हे कबूल करून घेतल्यावरच खाली उतरवलं. बसायचं काम एकच होतं. कापडावर पाणी ठरू नये म्हणून जो पांढरा द्राव लावतात, त्याच्या टाकीशी बसून हाताने कडा बुडवायच्या. बायका त्याला दूध म्हणायच्या. सुनेला दिवस गेल्याचं कळताच तोफेने तिलाही तिथे मानाने नेऊन बसवलं होतं.

त्या सकाळी ती सुनेसाठी रक्तवाढीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. सून काम काय करते, असं नर्सने सहज विचारलं. तोफेने कौतुकाने सांगितलं.

"मावशी, आजच उठवा तिला," नर्स म्हणाली. "असली रसायनं वर्षानुवर्षं अंगात राहतात. नाळेतून बाळापर्यंत पोचतात. बाळाची वाढ ज्या हार्मोन्सवर चालते, त्यांच्यातच बिघाड करू शकतात. प्रत्येकीला होईलच असं नाही, पण पोटुशीला तिथे बसवलं कुणी?"

"मी," तोफ म्हणाली, आणि गोळ्या तिथेच टाकून धावत सुटली.

आता तिने सुनेला दंडाला धरून टाकीपासून ओढलं होतं आणि सून तिच्या मनगटाला कडकडून चावत होती.

"अहो आई, सोडा! माझी जागा आहे ती!"

"मसणात गेली जागा! त्या दुधात विष आहे, पोरी. पोटातल्या पोराला बाधतं ते!"

दोघे वॉचमन धावून आले. एकाचा दात उडाला. दुसऱ्याने तोफेला ढकललं, ती टाकीच्या काठावर आपटली. हात कोपरापर्यंत द्रावात बुडाला, कपाळ फुटलं. तरी उठली. मग गर्दीतून एक शिवणारीण पुढे आली. दोन्ही बाळंतपणांच्या आधी ती त्याच खुर्चीत बसली होती. तिचा धाकटा जन्मापासून रोडावलेला.

"माझ्या लेकराचं काय गं मग?" तिने विचारलं. "सांग ना. तूच बसवलंस मला."

"मला ठाऊक नव्हतं गं. त्याचं कशाने झालं, तेही मला ठाऊक नाही."

शिवणारणीने तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. ट्रकला न घाबरलेली बाई हात खाली सोडून उभी राहिली. वॉचमनसुद्धा मागे सरले. तिसऱ्या वेळी मात्र सून पोट सावरत मध्ये शिरली.

"बास! माझी सासू आहे ती."

तिने तोफेला पायरीवर बसवलं आणि कपाळावर रुमाल दाबून धरला. "आजपासून नाही बसत मी," ती हळूच म्हणाली. "पण आत गेलं ते निघून जाईल ना आई, अंगातून?"

सुनेच्या पोटावर ठेवायला तोफेने हात पुढे केला. तो पांढरा दिसला, तसा मागे घेतला आणि अंगातल्या कपड्यांना पुसला. उलटा करून पुसला. मग पुन्हा पुसला.