पाहुणीसाठी राखलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी विजेची किटली आहे. जुनी म्हणताना मलाच थोडं हसू येतं, कारण माझं वय काही फार नाही. पण माझ्या बुडाशी विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला आहे, मुठीला तडा गेला आहे आणि कापडी वेष्टणाची माझी वायर चिकटपट्टीने सांधलेली आहे. हे सगळं मला कामाने आलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट थोडी ऐट वाटते. वाईट वाटतं ते त्याआधीच्या वर्षाचं. त्या वर्षी मी नवीकोरी होते, आरशासारखी लखलखत होते, आणि कुणाच्याही उपयोगाची नव्हते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पितळी पत्रा वाकवून माझं पोट घडवलं, त्यावर चांदीसारखा मुलामा चढवला आणि पोटाच्या तळाशी एक जाड कॉईल बसवली. मग गवताने भरलेल्या खोक्यात बसून मी जालन्याला, विजेच्या सामानाच्या एका दुकानात आले. तिथे माझे बरेच दिवस गेले. गिऱ्हाइकं मला हातात घेत, उलटीपालटी करत आणि म्हणत, “चहासाठी एवढा खर्चा? चूल काय मेली का?” मग मला परत फळीवर ठेवत. माझा फार अपमान व्हायचा, पण सांगणार कोणाला?

एके दिवशी धोतर, सदरा आणि खांद्याला शबनम पिशवी अशा वेशातला एक माणूस आला. तो तीर्थपुरीच्या शाळेत शिकवायचा. त्याचं नाव सर्जेराव. तो दुकानदाराला म्हणाला, “माझ्या मायला दमा हाय. डॉक्टर म्हनले, धुरापुढं बसवू नका. पन तिला सकाळी उठल्याबराबर पानी तापवायचं असतं, चहा करायचा असतो. ऐकतच न्हाई. काय घेऊ?”

दुकानदाराने वातीचा स्टो पुढे केला. सर्जेरावने मान हलवली, “रॉकेलच्या वासानं बी तिला ढास लागती.” मग उघड्या कॉईलची शेगडी निघाली. ती बघून तो दचकलाच. “न्हाई बा. तिचे हात सदा ओले. तारेला हात लागला मंजे?” तेव्हा कुठे माझी पाळी आली. दुकानदाराने माझ्यात पाणी भरलं, वायर लावली, बटण दाबलं, आणि बोलता बोलता मी उकळून दाखवलं. तोटीतून वाफ निघाली तेव्हा सर्जेराव लहान पोरासारखा हसला.

“पन ध्यानात ठेवा गुरुजी,” दुकानदार म्हणाला, “पान्याबिगर बटन दाबायचं न्हाई, कॉईल जळून जाती. दूध घालायचं न्हाई. अन् हिला चुलीवर तर बिलकुल ठेवायची न्हाई.”

लाल एसटीतून सर्जेराव मला मांडीवर घेऊन घरी आला. वाटेत शेजारचा माणूस सरकून बसला की तो मला अजूनच पोटाशी धरायचा. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. आता एका म्हातारीचा श्वास आपल्या हाती आहे.

घर लहान होतं, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चूल, चुलीच्या वर काळंभोर छत आणि छताला एक दिवा. चुलीपुढे केशरबाई बसली होती, सर्जेरावची आई. हातात फुंकणी, डोळे लाल. एक फुंकर मारायची आणि चार वेळा खोकायची. तिने पदराला हात पुसून मला उचललं. माझ्या पोटात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आडवा पसरलेला, आणि ती खुदकन हसली.

“सर्ज्या, हिची चूल कुठंय रे?”

“पोटातच हाय, माय. धूर न्हाई, राख न्हाई. उद्यापासून फुंकणी बंद.”

केशरबाई मला कुरवाळत राहिली. मग म्हणाली, “मंग हिचा पैला चहा सगुणाबाईला. तवर हिला कुनी उष्टी करायची न्हाई.”

मित्रांनो, सगुणाबाई कोण ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. गावातल्या बड्या शेतकरी घरातली ती सून. केशरबाई तिच्या शेतात खुरपायला, कापूस वेचायला जायची. दोघी एकाच वयाच्या, एका ओळीत बसून काम करणाऱ्या, दिवसभर बडबडणाऱ्या. पण केशरबाईचं घर बौद्ध वस्तीतलं. सगुणाबाई बोलायला यायची ती ओट्यापर्यंत. उंबरा ओलांडायची नाही, पाणी मागायची नाही.

मात्र बहात्तरच्या दुष्काळात बड्या घरच्या बायकासुद्धा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आल्या होत्या. सगुणाबाईही आली होती. त्या उन्हात तिला भोवळ आली तेव्हा केशरबाईने आपल्या मातीच्या डेऱ्यातलं पाणी तिला पाजलं. पुढे काम संपेपर्यंत दोघी त्याच डेऱ्यातलं पाणी प्यायच्या आणि एकाच फडक्यातली भाकरी मोडून खायच्या. दुष्काळ हटला, रानं हिरवी झाली, आणि सगुणाबाई पुन्हा ओट्यापर्यंतच येऊ लागली. केशरबाई त्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही. तिला एवढंच वाटायचं, की आपल्या मैत्रिणीने एकदा आपल्या घरात पाट घेऊन बसावं आणि कपभर चहा प्यावा.

दुसऱ्याच दिवशी सगुणाबाई ओट्यावर आली. “केशरे, लाईटची किटली आनली म्हनं?”

“आनली. तुझ्यासाठीच थांबलीय. ये की आत.”

सगुणाबाईने दारातून मला डोळे भरून पाहिलं. तिला यायचं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण तिने रस्त्याकडे एकदा वळून बघितलं आणि ती म्हणाली, “येते ना. सासू घरात हाय माझी, तुला म्हाईतच हाय. वेचनी उरकू दे, मंग येते. जबान देते तुला.”

झालं. केशरबाईने ती जबान गाठीला बांधली. सुनेकडून, सत्यशीलाकडून, माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणून घेतला, बुद्धांच्या तसबिरीखालच्या फळीवर मला मांडलं आणि वर रुमाल घातला. घरची माणसं गुपचूप वापरतील म्हणून माझी वायर तिने पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली आणि किल्ली कमरेला लटकवली. म्हातारी भारी हुशार! मी फळीवर आणि माझा जीव पेटीत.

घरी आलेला प्रत्येक जण माझं कौतुक करायचा. केशरबाई रुमाल उचलून दाखवायची, मला रोज पुसायची, माझ्यावर डाग पडू द्यायची नाही. एवढी बडदास्त कुठल्या भांड्याला मिळाली असेल? आणि एवढं करून ती माझ्याच डोळ्यांदेखत चुलीपुढे जाऊन बसायची, फुंकायची, खोकायची. खोकता खोकता भिंतीला टेकायची. मला त्या कौतुकाची लाज वाटू लागली.

सर्जेराव चिडायचा. “माय, मी ही तुझ्यासाठी आनली. तसबिरीपुढं मांडायला न्हाई.”

“आरे, नव्या भांड्यातलं पैलं पाहुन्याला द्यावं. पुन्हा हायेच मी रोज वापरायला.”

“ती येनार न्हाई माय. इतकी वर्षं आली का?”

“दुष्काळात पिल्तीच की माझ्या हातचं पानी. जबान दिलीय तिनं. तू मधी बोलू नको.”

सर्जेराव त्या दिवशी न जेवता शाळेत गेला. सत्यशीलाने गोडीत सांगून पाहिलं, “आत्याबाई, किल्ली द्या ना. तुमच्या छातीला गरम पानी पाहिजे.” केशरबाईने खोकत खोकतच किल्लीवर हात दाबून धरला.

वेचणी उरकली. सगुणाबाईच्या घरी सासू आजारी पडली. सासू उठली, तर पुतणीचं लग्न निघालं. लग्न झालं, तर नांगरट. दर वेळी ती ओट्यावर येऊन सांगायची, आणि दर वेळी केशरबाई म्हणायची, “असू दे बाई, घाई न्हाई.” शेवटी सगुणाबाई म्हणाली, “पेरनी झाली की नक्की.” पेरणी झाली. केशरबाईचा श्वास तोवर इतका आखूड झाला होता, की एक वाक्य बोलताना ती मध्येच थांबायची.

आषाढातली ती सकाळ. आठवली की माझं पोट आजही गार पडतं. सर्जेराव शाळेत गेला होता, सत्यशीला धुणं घेऊन विहिरीवर. बाहेर पावसाची झड लागली होती. केशरबाईची छाती भरून आली होती आणि तिला घोटभर गरम पाणी हवं होतं. ती फळीपाशी आली. तिने रुमाल उचलला. माझ्या पोटावर हात ठेवला. तिचा दुसरा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

मित्रांनो, मी त्या वेळी किती विनवलं तिला! पाणी भर, वायर लाव, एक बटण दाब, बाई. मी लगेच उकळते. माझा जन्मच त्यासाठी आहे. पण किटलीला बोलता येत नाही.

तिने किल्लीवरून हात काढला. रुमाल नीट बसवला. “पेरनी झालीय,” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता आज-उद्या येईलच ती.” आणि चुलीपुढे जाऊन बसली.

गोवऱ्या दमट, कापसाच्या पऱ्हाट्या ओल्या. जाळ काही धरेना, नुसता धूर. ती फुंकत राहिली. खोली धुराने भरली, मला ती दिसेनाशी झाली, फक्त खोकला ऐकू येत होता. मग फुंकणी खाली पडल्याचा आवाज आला. मग खोकलाही थांबला. सत्यशीला धावत आली, माणसं गोळा झाली, कुणी बाज आणली, कुणी सर्जेरावला बोलवायला पळालं. तिला दवाखान्यात नेलं, पण ती बोलती परत आली नाही.

ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका भाकरी घेऊन आल्या, भिंतीला टेकून बसल्या. चूल गार होती. आणि दुपारच्याला दारात सगुणाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर भिजलेला. आज तिने रस्त्याकडे वळून बघितलं नाही. उंबरा ओलांडून ती सरळ आत आली आणि केशरबाई बसायची त्या जागी, चुलीपुढे, मटकन बसली.

सर्जेरावने तिच्याकडे पाहिलं. “आता आल्या?” एवढंच म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

सगुणाबाई रडली नाही. खाली मान घालून म्हणाली, “रोज म्हनत व्हते, आज जाते, आज जाते. माझे पायच उचलत नव्हते ग.”

सत्यशीला उठून उभी राहिली. मला वाटलं, ही आता तिला बाहेर काढणार. मला तेच बरोबर वाटलं असतं, खोटं कशाला सांगू? पण सत्यशीलाने पदराला बांधलेली आत्याबाईची किल्ली सोडली. पेटी उघडली. वायर काढली. माझ्यावरचा रुमाल बाजूला केला, पाणी भरलं आणि बटण दाबलं. छताचा दिवा जरासा मंदावला.

मी त्या घरात पहिल्यांदा उकळले. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली तो असा आला. तोटीतून वाफ निघाली, पांढरी, स्वच्छ, आणि बायका बघत राहिल्या. सत्यशीलाने कोरा चहा केला, कप सगुणाबाईपुढे धरला आणि म्हणाली, “घ्या. आत्याबाईनं तुमच्यासाठी राखून ठेवली व्हती.”

सगुणाबाईने कप दोन्ही हातांत धरला. ती माझ्याकडे बघत होती.

“एवढ्या जल्दी होतंय ह्यात?” तिने विचारलं.

“व्हय,” सत्यशीला म्हणाली. “अन् धूर बी होत न्हाई.”

तेव्हा सगुणाबाईला रडू फुटलं. ती रडत रडत तो कोरा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मित्रांनो, तो चहा फार चांगला झाला होता. आणि ज्या बाईला तो सगुणाबाईच्या हातात द्यायचा होता, ती घरात नव्हती.

त्या दिवसापासून सत्यशीला मला रोज वापरते. रुमाल तिने पुन्हा घातला नाही. सगुणाबाई कधीकधी येते, आतच बसते, चहा घेते. पण चुलीकडे पाठ करून बसते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना नीट वापरा, बिनपाण्याचं तापवू नका, असं मी सांगणारच आहे. ते ऐकाच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे माझं. तुमच्या घरात कुणी खोकत असेल आणि त्याच्या कामाची वस्तू फळीवर झाकून ठेवली असेल, तर आजच ती खाली काढा. डाग पडतील, पडू द्या. आणि कुणी तुम्हाला मनापासून चहाला बोलावलं असेल, तर वेचणी उरकायची वाट बघू नका. बोलावणारं माणूस घरात आहे तोवर जा.