मल्लम्माच्या काठावरचा करंज

मी एक जुना करंज आहे. जळकोटजवळच्या एका ओढ्याकाठी उभा आहे. खरं सांगायचं तर आता कलंडलो आहे.

मित्रांनो, पूर्वी ह्या काठावर उंबर, शिंदी, वाळा अशी दाट झाडी होती. शेतं पाण्यापर्यंत सरकली आणि ती झाडी तुटली. मी बांधावर होतो म्हणून वाचलो. पाऊसही पहिल्यासारखा राहिला नाही. महिनाभर तोंड दाखवत नाही, आणि आला की एका दुपारात रान धुऊन नेतो.

माझ्या मालकिणीचं, मल्लम्माचं, अर्धं रान असंच गेलं. तेव्हा तिनं झाडं लावून काठ पुन्हा बांधायला घेतला. माझ्याच बियांची रोपं केली, वाळ्याचे ठोंब लावले. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचा दीर शिवमूर्ती याचं शेत होतं. त्याला विचारून तिनं त्याचाही काठ लावला. तीन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं. झाडं पुरुषभर झाली, तेव्हा गावानं कौतुक केलं.

पुढच्याच उन्हाळ्यात शिवमूर्तीनं जेसीबी आणला.

"वहिनी, सावलीत माझं सोयाबीन लई मार खातं."

"भावजी, पाया पडते. एवढा पावसाळा तरी जाऊ द्या."

त्यानं ड्रायव्हरला हात केला. संध्याकाळपर्यंत त्याचा काठ बोडका झाला.

भाद्रपदात पूर आला. वर त्याला अडवणारं काहीच नव्हतं. वेगानं वळणावर येऊन तो मल्लम्माची झाडं उपटत तिच्या रानात घुसला. तिची म्हैस माझ्या बुंध्याला बांधलेली होती. मल्लम्मा दावं सोडायला धावली, पण गाठ भिजून आवळली होती. पाणी छातीशी आलं, तेव्हा तिनं हात काढला आणि माझी फांदी धरली. म्हैस माझ्याशी बांधलेलीच बुडाली. मला ती सोडता आली नाही.

पाणी ओसरलं, तेव्हा मी कलंडलो होतो. मल्लम्माच्या रानात नुसता मुरूम उरला. शिवमूर्तीकडं ओढा सरळ वाहतो, त्याचं सोयाबीन उभं होतं.

तो माणसं घेऊन आला. "वहिनी, आता ह्यात काय पिकणार हाय? मला देऊन टाका."

"झाडं तुम्ही उपटली, रान माझं गेलं."

"पाणी काय म्या सोडलं का?"

सोबतची माणसं हसली.

मल्लम्मानं रान दिलं नाही. ती मुरमात खड्डे घेऊन पुन्हा रोपं लावते आहे. वरचा काठ अजून बोडकाच आहे. येत्या पुरात मी पडेन हे तिला ठाऊक आहे. ती माझ्याकडं न बघता खणत राहते.

मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त, तुमच्या ओढ्याचा काठ मोकळा करण्याआधी काठाकाठानं खाली चालत जा. तिथं कोण राहतं, तिचं नाव काय, तेवढं विचारून या.