आखणीच्या वेळचा आवाज

आपल्याकडे कुणाचं दुखणं कळलं की आपण लगेच म्हणतो, "आता आराम कर हो!" आणि बोलून झालं की आपलं आपल्यालाच बरं वाटतं. पेणच्या निकेशला अगदी तस्संच वाटलं होतं.

निकेशचा गणपतीचा कारखाना. मूर्तींच्या फळ्यांमध्ये एक कोपरा रिकामा केलेला, तिथे कॉम्प्युटरवर नम्रता बसायची. जवळच्याच गडब गावची पोरगी, कामाला वाघीण! मुंबईच्या दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायच्या, परदेशातल्या मंडळांना ईमेल पाठवायचे, सगळं तिच्याकडे. पण यंदा संधिवाताने तिची बोटं धरली. सांधे सुजून टम्म झाले आणि डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलं.

"तू घरी बस, नम्रता," निकेश म्हणाला. "अर्धा पगार देतो मी. अजिबात काळजी करू नको."

नम्रताचा चेहरा एवढासा झाला. "दादा, बोटं दुखतात, डोकं नाय दुखत. घरी बसून मी करू काय? आई दिवसभर माझ्या हातांकडे बघून रडत बसेल."

"मग टाइप कसं करशील?"

"बोलून. रोह्याला माझी मैत्रीण वैशाली हाय, तिचा उजवा हात लहानपणापासून उचलत नाय. ती बोलते, कॉम्प्युटर लिहितो. मराठी पण लिहितो! तिनेच मला शिकवलं. मला एकदा करून तर बघू दे."

पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून निकेशने होकार दिला. त्याला भरवसा मात्र कणभर नव्हता.

दुपारी नम्रताने माइकचा हेडफोन कानाला लावला आणि बोलू लागली, तशी पडद्यावर अक्षरं उमटू लागली. रंगाचे हात तसेच घेऊन कारागीर भोवती जमले. "अरे, यंत्राला कान आले!" एकजण ओरडला. पलीकडे खोक्यांना खिळे ठोकायचं काम चालू होतं, रेडिओ गात होता. त्या गोंधळात यंत्र मध्येच भलतंच काहीतरी लिहून बसे. नम्रता हसायची, "हे खोड" म्हणायची आणि पुन्हा सांगायची. टायपिंग शिकताना तिने काय कमी चुका केल्या होत्या?

खरी अडचण पुढेच होती. मूर्तीचे डोळे रंगवायचे म्हणजे आखणी. ती करायच्या बायजाबाई. त्यांचे सासरे इथलेच कारागीर, आणि त्यांच्यापासून कारखान्यात एक रीत पडलेली: आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. रेडिओ बंद, हातोडी बंद. हंगामात तर सकाळ सगळी आखणीतच जायची, आणि नम्रताच्या कामाची गर्दीही नेमकी सकाळचीच.

"आखणीला आवाज चालायचा नाय," निकेशने तिला सांगितलं. "आणि ऑर्डरी तुंबल्या तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. म्हणून म्हणत होतो, घरी बस."

नम्रताने माइक काढून खणात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना चिडीचूप होता. त्या शांततेत निकेशला कोपऱ्यातून कीबोर्डची टकटक ऐकू आली. तो मनात म्हणाला, जमतंय की हिला! उगाच बाऊ करत होती.

चहा आला तेव्हा तो कौतुकाने स्वतः तिचा ग्लास घेऊन गेला. नम्रताने दोन्ही हात पुढे केले, पण बोटं मिटेचनात. ग्लास निसटला, चहा टेबलभर झाला. तिची बोटं लालभडक सुजली होती.

"अगो, हे काय करून घेतलंस?"

"आखणी चालू होती ना, दादा. बोलायचं कसं?"

तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. निकेश फडकं घेऊन टेबल पुसायला लागला.

तेवढ्यात बायजाबाईंनी कुंचला खाली ठेवला. डोळा अर्धा टाकून त्या आजवर कधी उठल्या नव्हत्या! त्या नम्रताजवळ आल्या, तिचे हात आपल्या पदरात घेतले आणि निकेशकडे वळल्या.

"माझ्यासाठी गप्प केलीस हिला?"

"रीत हाय ना, बायजाकाकी..."

"रीत कोणी घातली? माझ्या सासऱ्यांनी. त्यांना गलका सोसायचा नाय म्हणून. ही काय गलका करते व्हय रे? काम करते बिचारी! मला चष्मा लागला तेव्हा तू म्हणालास का, काकी, आता घरी बसा? उलट चांगला दिवा लावून दिलास. मग माझी सोय ती सोय, आणि हिला नुसती दया?"

निकेशने मान खाली घातली.

"देवाचे डोळे उघडायचे आणि शेजारी पोरीच्या डोळ्यात पाणी! असा देव कुणाला पावेल रे?" मग म्हातारी पोरीकडे वळली. "आणि गो नम्रता, त्या यंत्राला गोंगाट चालत नाय ना?"

"नाय. शांत असलं की बरोबर लिहितं."

"मग आखणीइतकी शांत वेळ दुसरी कुठली? सगळे गप्प बसतील. तू बोल!"

निकेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा! ज्या शांततेने त्याने तिचं तोंड बंद केलं होतं, तीच तर तिला हवी होती! "चुकलो, नम्रता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "बोटं बरी होईस्तोवर कीबोर्डला हात लावायचा नाय. आणि पगार पुराच मिळेल."

सूज उतरल्यावर नम्रता पुन्हा कामावर आली. तिचं टेबल बायजाबाईंच्या बैठकीशेजारी मांडलं होतं. सगळा कारखाना गप्प, फक्त तिचा आवाज चालू. बायजाबाईंचा कुंचला मूर्तीच्या पापणीवरून हलकेच फिरत होता.

मंडळी, अडलेल्या माणसाला घरी बसवायला काही लागत नाही. त्याच्यासाठी आपली एखादी सवय मोडायला मात्र मन मोठं लागतं. यंत्रं आली आहेत, ती माणसाचं बोलणं ऐकतात. आपणही ऐकायला शिकूया. तुमच्या कचेरीत, तुमच्या घरात आज कोण असं निमूट दुखणं सोसतंय? त्याला आराम कर म्हणण्याआधी एकदा विचारा, "तुला काम करायला काय लागेल?"